अक्काच्या बुटाचं बक्कल मी सोडलं

हे आत्ताच सांगायला हवं. उद्यावर टाकलं तर मी सांगणारच नाही, माझं मला माहीत आहे. आज दुपारी ऑफिसात मला हेड टायपिस्टची कायम ऑर्डर मिळाली. घरी येऊन कागद आईच्या हातात दिला, आणि आता ती बाहेरच्या खोलीत येईल-जाईल त्याला सांगतेय, "आमच्या पोरीला खुर्ची मिळाली हो!" मिळाली खरी. पण ती खुर्ची कुणाची होती आणि रिकामी कशी झाली, हे घरात कुणालाच बोलायचं नाही. मला बोलायचंय. कॉफीसुद्धा न पिता बसलेय. ऑफिसात मशीनवर माझी बोटं पळतात, इथे हातात पेन आहे, त्यामुळे पुढचं मागे आणि मागचं पुढे होईल. तेवढं सांभाळून घ्या.

आम्ही बंगळूरचेच. पणजोबांच्याही आधी कुणीतरी पलटणीबरोबर इकडे आला आणि राहिला, एवढंच घरात माहीत आहे. शिवाजीनगरात बाबांचं शिलाईचं दुकान आहे. आमची मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे हसतात, कारण आम्ही 'थोडं थांब'च्या जागी 'स्वल्प थांब' म्हणतो आणि बरं म्हणायचं तिथे 'सरी' म्हणतो. हसू देत.

मी एसेसेल्सी, म्हणजे मॅट्रिक, झाले तेव्हा आईने माझ्यापुढे दोन वाटा ठेवल्या. दुकानात बसून काजं-बटणं कर, नाहीतर लग्न कर. मी तिसरीच काढली. आमच्या रस्त्याच्या टोकाला एक सायकलचं दुकान आहे, त्याच्या माडीवर टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. डझनभर मशीनं, सगळी बाबांपेक्षा म्हातारी, आणि एक मेष्ट्रु, म्हणजे मास्तर, हातात फूटपट्टी. नव्या मुलीच्या हातांवर ते एक काळं फडकं टाकायचे. फडक्याखाली बोटं, समोर पुस्तक. खाली बघितलं की पट्टी.

त्या माडीवर भिंतीला एकच फ्रेम होती. देवाची नाही, पुढाऱ्याचीही नाही. टाइप केलेला एक साधा कागद काचेत घालून टांगला होता. मेष्ट्रुंच्या एका विद्यार्थिनीने सगळ्यात वरच्या परीक्षेआधी सराव म्हणून मारलेलं पान, वेळेच्या आधी संपवलेलं, आणि त्यात एकही चूक नाही. मेष्ट्रु सांगायचे, "आपल्याच गल्लीतली पोरगी. तुमच्यासारखीच मराठी. इथे, ह्याच मशीनवर शिकली." ते मशीन म्हणजे खिडकीजवळचं. मी पहाटे सगळ्यांच्या आधी येऊन तेच पकडायची.

हसाल, पण त्या कागदाच्या मी प्रेमात पडले होते. त्यातली अक्षरं बघा तुम्ही! प्रत्येक अक्षर सारखंच काळं. कुठे दाब जास्त नाही, कुठे कमी नाही. माझं 'ए' नेहमी फिकट यायचं, करंगळीत जोर नव्हता ना. मग मी भाजी चिरताना, देवापुढे बसताना, बसमध्ये उभी असताना करंगळी आपटत राहायची. आई म्हणायची, "ह्या पोरीला वाताचा झटका आलाय."

ती विद्यार्थिनी कुठे आहे ते मेष्ट्रुंना विचारून ठेवलं होतं. कँटोनमेंटकडच्या एका कंपनीत हेड टायपिस्ट. तिथे जागा निघाल्याचं कळलं तेव्हा मी अर्ज केला. खरं सांगते, नोकरीसाठी नाही, तिला बघायला म्हणून केला.

परीक्षेच्या दिवशी मला एका कोपऱ्यातल्या मशीनवर बसवलं. घड्याळ लागलं आणि मशीनचं एक अक्षर अडकायला लागलं. मी पुटपुटले, "मेलं हे मशीन!"

मागून आवाज आला, शुद्ध आमच्या गल्लीच्या मराठीत, "मेलं नाही गं, म्हातारं आहे. स्वल्प हळू दाब."

मी वळून बघितलं. तीच असणार, हे मला बघताक्षणी कळलं. उंच, सावळी, घट्ट वेणी, फिकी निळी सुती साडी, आणि पायात पुरुषांसारखे काळे बंद बूट, वर बक्कल. एप्रिलच्या उन्हात! मला तेसुद्धा आवडलं. म्हटलं, बाई असावी तर अशी, जगाला काय वाटेल याची पर्वा नाही.

"पुढे बघ," ती म्हणाली. "वेळ चाललीय."

परीक्षा संपल्यावर मी तिला एका दमात सगळं सांगून टाकलं. फ्रेम, खिडकीजवळचं मशीन, करंगळी, सगळं. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "तो कागद अजून आहे? मला वाटलं मेष्ट्रुंनी त्यात शेंगदाणे बांधून खाल्ले." आणि हसली. मी तिला 'तुम्ही' म्हणत होते. ती म्हणाली, "अहो-जाहो नको. अक्का म्हण."

मला नोकरी मिळाली. रुजू होताना एका छापील कागदावर सही करायची होती. कामाच्या वेळा, रजा, आणि शेवटी एक अट : स्त्री कर्मचाऱ्याने लग्न केलं तर त्या दिवसापासून नोकरी संपली असं समजण्यात येईल. मी ते वाचून खूश झाले. खरंच! घरी नेऊन आईला दाखवलं. "बघ, आता माझं लग्न करायचं नाव काढू नको. कंपनीचाच नियम आहे."

अक्काच्या हाताखाली मी नऊ महिने काम केलं. तेवढ्यात जे शिकले ते सांगायला बसले तर दोन वह्या भरतील. ती मशीनकडे बघायची नाही, बोटांकडे बघायची नाही, ड्राफ्टवर नुसती नजर फिरायची आणि कॅरेजची घंटी ठरल्या वेळी वाजायची. मधेच शिपाई येऊन घेवड्याचा भाव सांगायचा, ती त्याच्याशी दोन वाक्यं बोलायची, हात चालूच. मी विचारलं, "अक्का, जमतं कसं?"

"वाचायचं नाही," ती म्हणाली. "डोळ्यातून घ्यायचं आणि बोटातून सोडायचं. मधे डोक्यात थांबू द्यायचं नाही. अर्थ कळला की बोट अडखळतं."

मी तेच शिकले. इतकं शिकले की दिवसभर पत्रं मारून घरी यायची आणि त्यात काय होतं ते एक ओळ आठवायचं नाही. माझा स्पीड तिच्या जवळ जायला लागला होता.

तिचे आणखी दोन नियम होते. तिच्या टेबलावरून खाडाखोड केलेलं पत्र बाहेर जायचं नाही. चूक सापडली की पाच कागद, चार कार्बन, सगळं काढून पुन्हा पहिल्यापासून. आणि दुसरा, प्रत्येक पत्र दोघींनी ताडून बघायचं. एकीने हाताने लिहिलेला ड्राफ्ट मोठ्याने वाचायचा, कॉमा-फुलस्टॉपसकट, आणि दुसरीने टाइप केलेल्या कागदावर लाल पेन्सिल धरून बसायचं. दुपारी तीननंतर आमचं हेच चालायचं. मी वाचायची, ती धरायची. बाकीचे म्हणायचे, झाली पोथी सुरू.

घरी मात्र माझी लढाई चालूच होती. बेळगावचं एक स्थळ आलं होतं आणि आई कंपनीच्या नियमाला घाबरत नव्हती. "नोकरी गेली तर जाऊ दे, नवरा तर राहील!" मग मी अक्काला पुढे करायची. अक्का बघ, बत्तीस वर्षांची झाली, लग्न नाही, कुणापुढे हात पसरत नाही. सुपरिंटेंडंट साहेबसुद्धा तिला विचारून पत्र लिहितात. कृष्णराजपुरमला खोली घेऊन राहते, ट्रेनने येते-जाते. मला तसं व्हायचंय.

रोज तेच ऐकून आई वैतागली. एक दिवस म्हणाली, "आण एकदा त्या अक्काला घरी. बघते तरी कोण अवतार आहे. संक्रांतीचं हळदीकुंकू आहे, ये म्हणावं."

मी उडालेच. माझी अक्का माझ्या घरी! दुसऱ्याच दिवशी तिला म्हटलं. ती म्हणाली, "नको गं, शनिवारी मला घरी काम असतं." मी दुसऱ्यांदा म्हटलं. ती म्हणाली, "हळदीकुंकवात माझं काय काम?" मी म्हटलं, आई कुमारिकांनाही बोलावते, कुंकू लावते, तिळगूळ देते. तिसऱ्यांदा तिने नुसती नाही अशी मान हलवली आणि मशीनमध्ये नवा कागद चढवला. माणूस तीनदा नाही म्हणतो तेव्हा त्याला काहीतरी कारण असतं, हे आज मला कळतं. तेव्हा वाटलं, लाजतेय.

शनिवारी अर्ध्या दिवसाचं ऑफिस सुटल्यावर मी तिचा हात धरला आणि अक्षरशः ओढत आणली. वाटेत ती दोनदा म्हणाली, "दारातूनच जाईन हं मी. आत बसायला लावू नकोस." मी हो हो म्हणत होते. ऐकतंय कोण!

घरात पंधरा-वीस बायका. मी आठवडाभर सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, माझी अक्का येणार आहे, राज्यात तिच्यासारखं टाइप कुणी करत नाही. त्यामुळे आम्ही दारात आलो तशा सगळ्या माना वळल्या. आई ताट घेऊन पुढे आली. "या हो या. आत या. रोज तुमची आरती ऐकते मी."

अक्का उंबऱ्याबाहेर उभी राहिली. "इथेच द्या ना मावशी. गाडी आहे माझी."

"उंबऱ्यावर कुंकू लावतात का कुणाला? आत या."

"बूट आहेत... काढायला वेळ लागतो. पायाला लागलंय जरा."

आणि मी काय करावं? मी तिच्या पायाशी बसले. सगळ्यांसमोर. मला दाखवायचं होतं ना, हिला मी किती मानते ते. "थांब अक्का, मी काढते." ती "नको, नको गं" म्हणत पाय मागे घेत होती, आणि मी हसत हसत बक्कल सोडलं आणि बूट ओढला.

आत मोजा नव्हता. दुसऱ्या बोटात चांदीचं जोडवं होतं.

मी बूट हातात धरून तशीच बसले. मला आधी काही कळलंच नाही. वाटलं, फॅशन असेल. मग वर बघितलं. अक्का माझ्याकडे बघत नव्हती, समोर भिंतीकडे बघत होती.

आई तेवढी खूश झाली. तिला काय माहीत! "अगं बाई, सवाष्ण आहे की! आणि ही म्हणते कुमारिका! या, या, मग तर ओटी भरल्याशिवाय सोडायची नाही." तिने दुसरा बूट काढायला लावला, पाटावर बसवलं, हळद लावली, कुंकू लावलं, खण-नारळ-तांदळाने ओटी भरली. अक्काने पदर पसरून ती घेतली आणि आईच्या पाया पडली. मी आजवर इतकी सुंदर ओटी घेताना कुणाला पाहिलं नाही. तिची कधी कुणी भरलीच नसावी, असं वाटत होतं.

तेवढ्यात आमच्या शेजारच्या मावशी म्हणाल्या, "अय्यो, ह्या त्याच ना, आमच्या ह्यांच्या ऑफिसातल्या? हे तर मिस, मिस म्हणतात!" त्यांचे यजमान आमच्याच कंपनीत स्टोअर्समध्ये आहेत. कुणीतरी हसलं. विषय वाणावर गेला.

बस स्टँडपर्यंत मी अक्काबरोबर गेले. ती भराभर चालत होती. मग म्हणाली, "त्या बाईंचे यजमान कुठल्या खात्यात?"

"स्टोअर्सला."

"सरी," ती म्हणाली. बस आली, ती चढली. ओटीचा नारळ तिने पदराखाली घट्ट धरला होता.

मी पळत घरी आले आणि शेजारच्या मावशींच्या दारात गेले. हात जोडले. "मावशी, काकांना सांगू नका हं. अक्काची नोकरी जाईल. ऑफिसात कुणाला माहीत नाही. नियम आहे."

मावशी चाट पडल्या. त्यांच्या बिचारीच्या डोक्यातही नव्हतं. त्या तर वाण मोजत बसल्या होत्या, रात्रीपर्यंत विसरल्याही असत्या. "मी कशाला कुणाला काय सांगू?" त्या म्हणाल्या. पण मी सांगू नका म्हटलं तेव्हाच त्यांना कळलं की सांगण्यासारखं काहीतरी आहे. माझ्याच तोंडून कळलं. नियमासकट.

सोमवारी अक्का आली. नेहमीचे बूट, नेहमीची वेणी. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाली, "आधी स्टेन्सिल काप." दुपारी डबा खाताना मात्र आपणहून बोलली. दोन वर्षं झाली होती लग्नाला. देवळात, चार माणसांत. नवरा शाळेत शिकवतो. "मंगळसूत्र घरी खुंटीला अडकवून येते. जोडव्यांना मात्र सासूबाई ऐकत नाहीत. म्हणतात, ती काढली तर मी जेवणार नाही. म्हटलं ठीक आहे, बुटात कोण बघतंय." मग डब्याचं झाकण लावत म्हणाली, "नवरा चांगला आहे गं. नोकरी सोड असं कधी म्हणाला नाही. त्यालाही माहीत आहे, मला घरी बसवलं तर मी मरेन."

मी रडायला लागले. ती म्हणाली, "इथे रडू नको, रिबन भिजेल."

रथसप्तमी झाली, आठवडा गेला, काहीच झालं नाही. मला वाटलं, वाचलो. मावशींना येता-जाता मी इतकी गोड बोलायची की आईला संशय आला.

मग एका सकाळी सुपरिंटेंडंट साहेबांनी मला बोलावलं. आमचे साहेब म्हणजे कोट, डोक्याला जरीचा म्हैसुरी पेटा, आणि कधी आवाज चढवणार नाहीत असा माणूस. त्यांनी ड्राफ्टचा गठ्ठा माझ्या हातात दिला. "आज हे तू कर अम्मा. अर्जंट." मला काय आनंद! अर्जंट पत्रं नेहमी अक्काकडे जायची. आज तिला दाखवायचंच, असं ठरवून मी बसले. दहा-बारा पत्रं. प्रत्येकाला चार कार्बन. तिने शिकवलं तसं, डोळ्यातून घेतलं, बोटातून सोडलं. जेवणाच्या सुट्टीलाही उठले नाही. आमच्याकडे पत्रात माणसाचं नाव नसतं, स्टाफ नंबर असतो. अक्काचा नंबर काय ते मी कधी बघितलंच नव्हतं. अक्का नुसती अक्का होती.

तीन वाजता गठ्ठा तिच्यापुढे ठेवला. "बघ! सगळी झाली." ती म्हणाली, "शाब्बास." तो शब्द तिने मला त्याआधी एकदाच दिला होता.

पोथी सुरू झाली. मी ड्राफ्ट वाचत होते, ती लाल पेन्सिल फिरवत होती. कोळशाचं पत्र झालं. वखारीच्या भाड्याचं झालं. सहावं की सातवं असेल. इंग्रजीत होतं, मराठीत सांगते. "अमुक नंबरच्या कर्मचाऱ्यास कळवण्यात येते की, कॉमा, आपण विवाह केल्याचे कंपनीच्या निदर्शनास आले असून, कॉमा, तो आपण लपवून ठेवला आहे, कॉमा..."

तोवर माझं तोंड चालतच होतं. मोठ्याने वाचताना मात्र शब्द कानातून आत शिरतात. 'हेड टायपिस्ट' हे शब्द आले आणि मी थांबले.

अक्काची पेन्सिल थांबली नव्हती. हातातला कागद तिने माझ्या कितीतरी पुढे, खालपर्यंत वाचला होता.

"वाच," ती म्हणाली.

"अक्का..."

"वाच गं. पाचाच्या आत सही व्हायची आहे."

मी वाचलं. महिनाअखेरपासून सेवा संपुष्टात. फुलस्टॉप. त्या जागी तात्पुरती नेमणूक म्हणून, आणि पुढे माझा नंबर. माझा नंबर मला माहीत होता. तोसुद्धा मी सकाळी न अडखळता मारला होता.

शेजारच्या टेबलावरचे दोघे क्लार्क मान खाली घालून लिहीत होते. म्हणजे त्यांना आधीच माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं.

अक्काने कागदावर वर एक लाल गोल केला. "तारीख चुकलीयस. साल मागचंच टाकलंस. जानेवारी संपला तरी तुझा हात अजून मागच्याच सालात आहे."

"मी... मी रबराने..."

"माझ्या टेबलावरून खोडलेलं पत्र जात नाही." तिने पाचही कागद काढले, दोनदा दुमडले, टोपलीत टाकले. नवे कागद घेतले, कार्बन लावले, टेबलावर ठोकून कडा सरळ केल्या. मी म्हटलं, मी करते, मला करू दे. ती म्हणाली, "तू परत चुकशील. सरक."

आणि तिने स्वतः ते पत्र मारलं. मी बाजूला उभी होते. तसं टायपिंग मी परत कधी पाहिलं नाही. एकसारखा आवाज, छतावर पाऊस पडावा तसा. ती ड्राफ्टकडेही बघत नव्हती, एकदा वाचून तिचं पाठ झालं होतं. घंटी, कॅरेज, घंटी, कॅरेज. कागद ओढून काढला आणि माझ्यापुढे धरला. "धर. मी वाचते." तिने स्वतःची बडतर्फी कॉमा-फुलस्टॉपसकट मला मोठ्याने वाचून दाखवली, आणि मी पेन्सिल धरून बसले. एकही चूक नव्हती. सगळी अक्षरं सारखीच काळी.

सहीला मी घेऊन गेले. साहेबांनी चष्मा पुसला. "फार वाईट वाटतं, अम्मा. नियम आहे. वरून कुणीतरी विचारलं, मी नाही कसं म्हणणार?" मग कागदाकडे बघून म्हणाले, "किती स्वच्छ टाइप केलंयस!" मी त्यांना सांगितलं नाही. एरवी मी काय काय सांगत सुटते, आणि हे एवढं मात्र सांगितलं नाही.

महिनाअखेरीला अक्का गेली. निरोप वगैरे काही नाही. ड्रॉवर रिकामा केला, मशीनवर कव्हर घातलं, बस.

दोन रविवार मी धीर गोळा करत होते. तिसऱ्या रविवारी कृष्णराजपुरमला गेले. स्टेशनपासून विचारत विचारत. घरासमोर तिचा नवरा वह्या तपासत बसला होता. त्याने मला ओळखलं, म्हणजे वर्णनावरून असेल. उठून आत गेला, पाणी आणलं. चांगला माणूस होता. अक्का बाहेर आली. अनवाणी. जोडवी उघडी. मला तिच्या पायांकडे बघवेना.

मी सगळं कबूल केलं. मावशींना मीच सांगितलं, नियमासकट, तेही. ती खांबाला टेकून ऐकत होती.

"खरं सांगू?" ती म्हणाली. "तू बक्कल सोडत होतीस ना, तेव्हा तुला लाथ मारावी असं वाटलं होतं."

मी हसले, कारण तिची थट्टा मला माहीत होती. पण ती हसत नव्हती.

"दुसऱ्या ऑफिसात बघतेयस ना, अक्का? मेष्ट्रुंना विचारू का?"

"तीन ठिकाणी जाऊन आले. जुन्या ऑफिसाचं शिफारसपत्र मागतात. त्यांनी दिलेल्या पत्रात काय लिहिलंय ते तुला माहीतच आहे." मग म्हणाली, "मेष्ट्रुंकडे गेले होते, शिकवायला ठेवता का विचारायला. म्हणाले, मुलींच्या आयांना काय सांगू? खोटं बोलून नोकरी करणारी बाई शिकवते म्हणून? फ्रेमही उतरवली त्यांनी."

आणि मी जे बोलू नये तेच बोलले. म्हटलं, "अक्का, मी तुझ्यासारखी होणार. तुझं नाव राखणार."

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. फार दमून. "पुन्हा येऊ नकोस," ती म्हणाली. "तू अशी बघतेस ना माझ्याकडे, ते आता मला झेपत नाही." आणि आत गेली. तिच्या नवऱ्याने मला स्टेशनपर्यंत सोडलं. वाटेत तो पावसाबद्दल बोलला.

परत मी गेले नाही. मागच्या महिन्यात कुणीतरी सांगितलं की त्यांनी ते घर सोडलं, नवऱ्याची बदली कुठे खेड्यात झाली. कुठे ते कुणाला माहीत नाही.

वर्षभर मी तिच्या मशीनवर बसतेय. अजूनही तिच्यामुळेच बसते, हे कुणाला पटणार नाही, पण तसंच आहे. खाडाखोड केलेलं पत्र मीही बाहेर जाऊ देत नाही. फक्त एक गोष्ट तिची मला राखता आली नाही. आता मला वाचल्याशिवाय मारता येत नाही. प्रत्येक शब्द डोक्यात थांबतो, आणि बोट अडखळतं. माझा स्पीड गेलाय. साहेबांनी तरीही ऑर्डर दिली, कारण दुसरं कुणी नव्हतं. आणि वाचून तरी काय करते मी? गेल्या आठवड्यात नव्या मुलीच्या नेमणुकीचा कागद आला, त्यात तीच अट. पूर्ण वाचली, समजली, आणि टाइप केली. चार कॉप्या. चूक नव्हती.

मी रोज आठवून बघते, कुठे थांबायला हवं होतं. तिसऱ्या नकाराला? उंबऱ्यावर? मावशींच्या दारात? प्रत्येक ठिकाणी मला ती आवडत होती म्हणूनच मी पुढे गेले, हेच खरं. तुम्ही सांगा ना. ज्या माणसाकडे बघून तुम्ही जगायला शिकलात, त्यालाच तुमच्या कौतुकाने बुडवलं, असं तुमच्यापैकी कुणाचं झालंय का? झालं असेल तर नंतर त्याच्यासमोर कधी उभे राहू शकलात का?